बोटभर

आमचं कासव बोटभर वाढलं की घरातली एक खोली कमी होते. आधी अडगळीची गेली, तेव्हा आम्ही मनावरही घेतलं नाही. उलट शालन म्हणाली, झाडायला तेवढंच कमी. मग पडवी गेली, माजघर गेलं, झोपायची खोली गेली. गेलेल्या खोलीचा चौकोन त्याच्या पाठीवर उमटतो. झोपायच्या खोलीचा मी खिडकीच्या गजांवरून ओळखतो. कान लावला तर आत पंखा फिरत असतो.

आता स्वयंपाकघर तेवढं उरलं होतं. ओट्याखाली कासव, ओट्यापुढे आमची दोघांची अंथरुणं.

"त्याला बाहेर जागा करा," शालन म्हणाली. "बाहेर खोल्याच नाहीत. खाईल काय?"

मी तर ते कधीच नदीवर सोडून आलो असतो. पण आम्हाला मूलबाळ नाही, आणि ती "सोन्या, आ कर" म्हणाली की ते मान लांब करून आ करतं. जास्वंदीचं फूल ती त्याच्या जिभेवर ठेवते. तिचं मन मोडणं मला जमलं नाही. खोल्या गेल्या तर गेल्या, चुलीत जाऊ देत. स्वयंपाकघराबरोबर शालन जाईल, या भीतीने मात्र माझी झोप उडाली होती.

बाबलो मेस्त्री चिरे घेऊन आला. मी त्याला सगळं बजावलं. कासव उकरतं, म्हणून पाया हातभर खाली. कोपऱ्यात शिरून चढायला बघतं, म्हणून कुंपणाचा गडगा गोल हवा, आतून गुळगुळीत. अर्ध्यात ऊन, अर्ध्यात जास्वंदीची सावली. पाण्याला उथळ परळ. कावळ्या-मुंगसांसाठी वरून जाळी, ती शेवटी.

"माझ्या घराक एवढा केलंय नाय," मेस्त्री म्हणाला.

गडगा गुडघाभर उंच झाला. आता कासव आणायचं, पण त्याआधी गाऱ्हाणं घालायला हवं. आमच्याकडे त्याशिवाय साधी गोठ्याची मेढ रोवत नाहीत. मेस्त्रीने नारळ ठेवला, हात जोडले आणि जागेच्या राखणदाराला हाक घातली.

"बा म्हाराजा, ह्यो गडगो बांधलो हा. भितरचा भितर रवांदे, भायरचा भायर रवांदे."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो. शालनचा आवाज सगळ्यात मोठा होता. ती गडग्याच्या आत उभी राहून परळात पाणी ओतत होती.

नारळ फुटला. शालन बाहेर यायला निघाली आणि तिचा पाय गडग्यावरच थांबला. तिने दुसरा पाय उचलून पाहिला. मी हात पुढे केला. तिचा हात माझ्या हाताजवळ आला आणि गडग्यावरच्या हवेत थांबला. माझाही तिथेच थांबला.

"वहिनी भितर असत, ह्या कोणी बघूक नाय," मेस्त्री म्हणाला. "दुसरा गाऱ्हाणा घालूक व्हया. नारळ आणा."

"फडताळात आहे," शालन म्हणाली. "वरच्या फळीवर. डबे पाडू नका."

मी धावत घरात गेलो. फडताळ उघडलं, नारळ हातात घेतला. ओट्याखाली काहीतरी ताणल्यासारखं वाजलं. मागे वळलो तर ओट्याखाली कासव नव्हतं.

स्वयंपाकघराच्या दारापलीकडे माजघर होतं. पलीकडे झोपायची खोली, पंखा चालू. पडवी जागेवर, अडगळही जागेवर. सगळं घर परत आलं होतं, आणि जमीन सावकाश डुलत होती. मला रडू आलं. मी नारळ घेऊन खोल्यांमागून खोल्या ओलांडत पुढच्या दाराशी गेलो.

दार अरुंद झालं होतं. डोकं तेवढं बाहेर आलं. अंगण थांबत थांबत जवळ येत होतं. समोर गडगा होता, भिंतीएवढा उंच. त्याच्यावरून शालन वाकून बघत होती.

तिला हाक मारायला मी तोंड उघडलं.

"आला माझा सोन्या," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. तिने जास्वंदीचं फूल तोडून माझ्यासमोर धरलं. "आ कर."

फूल गडग्यावरच्या हवेत थांबलं. मी मान लांब केली, होती तेवढी सगळी केली.

"अजून जरा," शालन म्हणाली. "बोटभर वाढ रे."