दोरीवरचा मेल

मेलेले रोहू एकशे चौदा. कतला एकाहत्तर. मृगळ अडतीस. बारीक मासळी मोजण्याच्या पलीकडे होती, म्हणून संघप्रियाने तळ्याच्या पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, कडेचा एक मीटर तुकडा धरला आणि तेवढ्यातलीच मोजली: दोनशे सहा. मेलेली मरळ, एकही नाही. मेलेला मागूर, एकही नाही. बेडूक काठावरून टपाटप पाण्यात उड्या घेत होते.

साल २००४, दिवाळी नुकतीच होऊन गेलेली. पळसबोडी हे चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलजवळचे गाव, आणि गावच्या तळ्याच्या वरच्या अंगाला धानाची मिल. मिलमध्ये उसना तांदूळ निघे, म्हणजे धान गरम पाण्यात भिजवून, वाफवून मग भरडायचा. भिजवणीचे आंबूस पाणी नालीने कुठे जाते हे सांगायला नाक पुरेसे होते. पण मासे मेले तशी पहिली बोंब मिलवाल्यांनीच ठोकली: तळ्यात मासे धरणाऱ्या ढिवरांमध्ये आपसात भांडण आहे, त्यांच्यातल्याच कोणीतरी तळ्यात जहर टाकले. तहसीलदार सोमवारी पंचनाम्याला येणार होते. जहर ठरले असते तर तळे मच्छीमार संस्थेच्या हातून गेले असते, आणि मागोमाग पोलीस गावात. पाणी तपासायचे काम मिलने चंद्रपूरच्या एका खासगी प्रयोगशाळेला दिले. संघप्रिया रामटेके तिथे नोकरीला होती. रसायनशास्त्रात एम.एस्सी., नोकरीचे पहिलेच वर्ष.

शुक्रवारी तिने नमुना उजाडण्याआधीच घेतला. पाण्यातला प्राणवायू रात्रभर खर्च होत जातो आणि पहाटे सगळ्यात कमी असतो. मासे गुदमरायचे तर तेव्हाच. आकडा आला लिटरला ०.६ मिलिग्रॅम. रोहूला निदान तीन तरी लागतो. मरळ आणि मागूर वर येऊन हवेतून श्वास घेतात, म्हणून ते वाचले. जहराने असा भेद केला नसता. हे सगळे तिने शनिवारी सकाळी इंग्रजीत चार ओळींत लिहिले आणि मिलला मेल टाकला.

तो मिलला गेलाच नाही. पत्त्याच्या जागी तिने गावाच्या नावाची पहिली अक्षरे टाकली, पुढचा पत्ता कॉम्प्युटरने आपणहून भरला, आणि तो होता पळसबोडी मच्छीमार संस्थेचा. मागच्या साली मत्स्यबीज सोडण्याआधी संस्थेने पाणी तपासून घेतले होते, तेव्हापासून तो पत्ता आत दबा धरून बसला होता.

“अगं, रिपोर्ट ज्यानं मागितला त्याचा असतो,” गेलेल्या मेलवरचा पत्ता पाहून बोरकुटे सर म्हणाले. प्रयोगशाळा त्यांची. चढा आवाज त्यांना जमत नसे, ते नुसते चष्मा पुसत राहत. “आणि पहाटेचं पाणी घ्यायला कोणी सांगितलं तुला? दुपारी तीनला घ्यायचं. ऊन असतं, शेवाळ प्राणवायू सोडतं, चांगला आकडा येतो. तो द्यायचा आपण.”

“सर, मासे दुपारी नाही मेले.”

“तू परत मागव तो मेल.”

सरांनी कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. त्याने सांगितले, एक बटण असते, पाठवलेला मेल त्याने माघारी येतो. सरांनी तिला खुर्चीवरून उठवले आणि स्वतः ते बटण दाबले. माघारी काही आले नाही. उलट आणखी एक मेल गेला, एकाच ओळीचा: संघप्रिया रामटेके हा संदेश मागे घेऊ इच्छितात.

“मी नाही इच्छित,” ती म्हणाली.

“तू आता मूलची एसटी पकड. कागद छापला असेल तर घेऊन ये. अध्यक्षाची सही आण की मजकूर चुकीचा होता. आणि दुपारचा नमुना घे. सही आणलीस तर सोमवारी कामावर ये.”

तिने नमुन्याच्या बाटल्या, रसायनांची पेटी आणि थेंबाथेंबाने मोजायची काचनळी, ब्युरेट, पिशवीत भरले. सांगितलेले काम करायला लागते तेवढेच सामान होते, आणि न सांगितलेले करायलाही तेच.

मूलच्या बसस्टँडसमोर प्रफुलचे सायबर कॅफे होते. आसपासच्या गावांतल्या संस्था, शाळा, दुकानदार यांचे मेल त्याच्याकडेच येत. लोडशेडिंगमुळे लाइन कधी जाईल याचा भरवसा नसे, म्हणून त्याची रीत ठरलेली होती: लाइन आली की सगळ्यांचे मेल उतरवायचे, छापायचे, आणि कपडे वाळत घालायच्या दोरीवर चिमट्यांनी लावायचे. ज्याचा त्याने काढून न्यावा. तोवर येणारा-जाणारा सगळ्यांचे मेल वाचे, आणि त्यात कोणाला वावगे वाटत नसे.

दोरीवर एकाच ओळीचा कागद लटकत होता. पहिल्या कागदाचा चिमटा रिकामा.

“थो संस्थेच्या गोविंदाभाऊनं नेला,” प्रफुल म्हणाला. “मी मराठीतून वाचून दाखवला तर इथी धा लोकं जमले. तेवढ्यात हा दुसरा आला. हाही वाचला. भाऊ म्हणे, हा आमचा नाई, राहू दे टांगून.”

“माझाही नाई.”

“नाव तं तुमचंच हाय, मॅडम.”

संघप्रियाने कागद ओढून काढला, घडी घालून पर्समध्ये टाकला. प्रफुल हसला. “काढून काय फायदा? आता पूर्ण मूलले तोंडपाठ हाय.”

पळसबोडीत गोविंदाभाऊ पाळीवर जाळे वाळत घालत होते. संस्थेचे अध्यक्ष तेच, बोलणे कमी. बोलायचे काम त्यांच्या बायकोने, कुंताबाईने, उचललेले होते. मूलच्या बाजारात मासोळी विकून तिच्या आवाजाला धार आली होती.

“आल्या का मॅडम परत न्याले?” ती लांबूनच म्हणाली. “पाठवाले तूच, परत मागाले तूच. आमी एक डाव गिऱ्हाइकाले मासोळी तोलून दिली का पाटीत परत नाई घेत.”

“पाठवला तो चुकून, बाई. आकडा चुकून नाई आला.”

“मंग तुले मागं घ्याचा हाय असं काऊन लिवलं?”

“मी नाई लिवलं. बटण सरांनं दाबलं, नाव माझं लागलं.”

“असं होय!” कुंताबाई नवऱ्याकडे वळली. “आयकलं का जी? हे तं आपल्यासारखंच झालं. अंगठा आपला, कागद त्याहिचा.” मग पुन्हा संघप्रियाकडे. “पण मी काऊन पतेवू, इस्वास काऊन ठेवू? आमच्या समोर मोज.”

“त्यासाठीच सामान आणलं.”

तिने पहिला नमुना दुपारी तीनलाच घेतला, सरांनी सांगितला तसा, डोंग्यातून, म्हणजे लहान होडीतून, तळ्याच्या मध्यावर जाऊन. मेलेले मासे गावाने शुक्रवारीच काढून पुरले होते. पाणी हिरवट, वरून नितळ. बुडबुडा राहू न देता तिने बाटली काठोकाठ भरली आणि काठावर येताच एकामागून एक दोन रसायने सोडली. भोवती पंधरा-वीस माणसे वाकून बघत होती.

“प्राणवायू असला तर भुरा गाळ बसते,” तिने सांगितले. “नसला तर पांढरा.”

गाळ खाली बसू लागला. भुरा. चांगला गडद तपकिरी.

गोविंदाभाऊंनी हातातले जाळे खाली ठेवले.

“म्हणजे मिलवाले खरे,” मागून एक जण पुटपुटला.

“फेकून दे थे बाटली,” कुंताबाई म्हणाली.

“नाई फेकत.”

“काऊन नाई? तू आमच्याकून हायस का मिलकून?”

“पाण्याकून.”

“मंग पाण्यातच जाऊन बस!”

दोघेतिघे हसले. संघप्रियाही हसली असती, पण बाटली हातात होती आणि ती हलवून चालणार नव्हते. तिने बूच घट्ट केले, त्यावर वेळ लिहिली.

“बाई, सकाळचा आकडा तुमच्या कामाचा होता, थो तुमाले पटला. दुपारचा कामाचा नाई, म्हणून फेका म्हणता. सरांनं उलटं म्हटलं. त्याहिले दुपारचा पाह्यजे, सकाळचा नको. मग तुमच्यात अन् त्याहिच्यात मी फरक काय करू? उन्हात हे शेवाळ पाण्यात प्राणवायू सोडते. सूर्य बुडला का बंद. मग मिलचं पाणी रात्रभर हाय थो प्राणवायू खाते. मासोळी पहाटे वर येऊन तोंड वासते, पाह्यलं ना तुमी?”

“शुक्रवारी पाह्यलं,” गोविंदाभाऊ म्हणाले. दुपारभरात ते पहिल्यांदा बोलले.

“मग दुपारचा आकडाही जाईल अन् पहाटेचाही. एक लपवला तं तहसीलदार इचारन, दुसरा कायले पतेवू?”

कुंताबाईने पदर खोचला. “पहाटे तेच पांढरं नाई निघालं तं?”

“तं तेही जसं निघन तसं जाईल.”

हे उत्तर कुंताबाईला मुळीच आवडले नाही. तरी मुक्कामाला तिने संघप्रियाला दुसऱ्या कोणाकडे जाऊ दिले नाही. “माह्या घरी राय,” ती म्हणाली. “बाटल्याइले हात कोण लावते हे मले दिसलं पाह्यजे.”

संध्याकाळी गावच्या एसटीडी बूथवरून संघप्रियाने सरांना फोन केला.

“सही मिळाली का?”

“नाही सर. मी मागितलीच नाही. मेल चुकीच्या पत्त्यावर गेला, ती चूक माझी, लेखी देते. आकडा मागे घेत नाही.”

पलीकडे चष्मा पुसणे चालू असावे. “मग सोमवारी येऊ नको,” सर म्हणाले.

“आजपर्यंतचा पगार आणि अनुभवाचा दाखला घ्यायला येईन, सर.” तिने फोन ठेवला. बूथवाला तिच्याकडे बघत होता. “मीटर थांबलं का पाहा,” ती त्याला म्हणाली.

रविवारी पहाटे तळ्यावर आदल्या दिवसापेक्षा जास्त माणसे होती. कुंताबाई सगळ्यात पुढे, डोक्याला मफलर गुंडाळून, बॅटरी धरून. नमुने तीन: मिलच्या वरच्या अंगाच्या बोडीतले, म्हणजे लहान तळ्यातले, पाणी, तळ्याच्या मधले, आणि मिलची नाली तळ्यात पडते तिथले. मधल्या नमुन्यासाठी गोविंदाभाऊंनी डोंगा वल्हवला. काठाकाठाने उरलीसुरली बारीक मासळी पाण्याबाहेर तोंड काढून होती. बॅटरीच्या उजेडात कुंताबाईने ती सगळ्यांना दाखवली. संघप्रियाला सांगावे लागले नाही.

पाळीवर तीन बाटल्या रांगेने ठेवल्या. बोडीच्या बाटलीत भुरा गाळ धरला. तळ्याच्या बाटलीत आधी काही दिसेना, मग धुरकट, जेमतेम मळकट पांढरे. नालीच्या बाटलीत चुन्यासारखे पांढरेशुभ्र.

“आता म्हण, आमी जहर टाकलं,” कुंताबाई मिलच्या दिशेने तोंड करून ओरडली. मिलच्या चिमणीतून धूर निघत होता.

“अजून आकडा काढायचा हाय,” संघप्रिया म्हणाली. “रंगावर जाऊ नका.”

कुंताबाईच्या ओट्यावर तिने ब्युरेट उभे केले. प्रत्येक नमुना दोनदा केला, आदल्या दुपारचाही. दोन्ही वेळा आकडा जुळला तेव्हाच लिहिला.

ती मूलला पोहोचली तेव्हा लाइन होती. प्रफुलने तिला आपली खुर्ची दिली. तिने स्वतःच्या खात्यातून नवा मेल लिहिला. पत्ते चार: मिल, प्रयोगशाळा, मच्छीमार संस्था, तहसील कार्यालय. कॉम्प्युटरने आपणहून सुचवलेला एकही तिने घेतला नाही. चारही अक्षर-अक्षर टाकले आणि बोट ठेवून वाचले. विषयाच्या ओळीत तिने लिहिले: शुक्रवारचा निष्कर्ष मागे घेतलेला नाही.

“हा तरी नक्की ना, मॅडम?” प्रफुलने विचारले. “नाईतर मी चिमटा मोकळाच ठेवतो.”

“पाच प्रती काढ. एक दोरीवर लाव, मधोमध. बाकीच्या गोविंदाभाऊ उद्या पंचनाम्याला नेतील.”

पर्समधली एका ओळीच्या कागदाची घडी तिने उलगडली, आणि तीही शेजारच्या चिमट्याला लावली. मग पाठवायचे बटण दाबले.

प्रिंटर कुरकुरत चालू झाला. मेलमध्ये चारच नोंदी होत्या.

विरघळलेला प्राणवायू, मिलिग्रॅम प्रति लिटर.
तळ्याचा मध्य, शनिवार दुपारी तीन: ५.२
वरची बोडी, रविवार पहाटे: ६.१
तळ्याचा मध्य, रविवार पहाटे: ०.४
नालीचे तोंड, रविवार पहाटे: ०.०