जिवंत माणसाचा सदरा

मी सदरा बोलतोय. साधासुधा नव्हे हं, युक्रेनचा, छातीवर लाल-काळं भरतकाम केलेला. आज मी गप्प बसणार नाही.

माझ्यावरचा टाका न् टाका हलिनाचा. ती इकडं आखातात, हवल्लीत, पार्लरमध्ये काम करते. दिवसभर उभं राहून पाय सुजायचे, तरी खिडकीशी बसून भरत बसायची. सगळं मुलासाठी, तारासासाठी. आईनं भरलेला सदरा पोराला जपतो, असं तिकडं मानतात. पण मी पुरा व्हायच्या आधीच तो लढाईवर गेला आणि बेपत्ता झाला. 'येईल, घालेल,' म्हणत ती मला इस्त्री करून ठेवायची.

शेजारची नेहा चित्रकार. मूळची रत्नागिरीची, तोंडानं गोड. हलिनाला आन्टी म्हणायची, घावणे आणून द्यायची. युद्धावर प्रदर्शन भरवायचं म्हणून तिनं मला मागितलं.

"आन्टी, शप्पथ, एक टाकाही हलवणार नाही."

हलिनानं विश्वासानं दिलं. मीही ऐटीत निघालो, मूर्खासारखा!

घरी नेऊन नेहानं देवापुढची उदबत्ती उचलली आणि माझ्या छातीला टेकवली. बरोबर काळजाच्या जागी. भोकाभोवती लाल दोरा भरला आणि स्वतःशीच म्हणाली, "आता कसा बोलतोय सदरा!" अगं बाई, आधी काय मुका होतो?

प्रदर्शनात माझ्याखाली पाटी लावली, 'शहीद मुलाचा सदरा'. पुढ्यात दोन फुलं ठेवली. युक्रेनमध्ये जोडीनं फुलं वाहतात ती फक्त मेलेल्याला. हे नेहाला हलिनानंच चहा पिता पिता सांगितलं होतं.

हलिना आली. तिला आधी फुलं दिसली, मग मी.

"आन्टी, बघा ना, लोक रडतायत!" नेहा हरखून म्हणाली.

"माझं पोर जिवंत आहे गं," हलिना तोडक्यामोडक्या इंग्रजीत म्हणाली. "तू मारलंस त्याला."

"आन्टी, अहो, ते आर्ट आहे..."

हलिनानं मला खिळ्यावरून ओढून काढलं आणि घरी आणलं. भोक रफू केलं. नेहाचा राग माझ्या धाग्याधाग्यात आहे, पण त्याहून वाईट वेगळंच झालंय.

पूर्वी फोन वाजला की हलिना ओल्या हातानं धावायची. आता तो वाजत राहतो आणि ती माझ्याकडे बघत बसते. आत्ताही वाजतोय. हलिना, ऊठ गं. उचल तो. तुझंच पोर असेल!