शेजारचा विस्तव

दुपारी अकोल्याहून भावाचा फोन आला. आई गेली. माती संध्याकाळीच होती आणि मला विमानाचं तिकीट मिळालं ते उद्याचं. मी स्वयंपाकघरात जाऊन वरणाखालचा इंडक्शन बंद केला.

"आज इथे काही शिजणार नाही," मी नवऱ्याला, धम्मानंदला, बजावलं. "मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत. शेजारचे पिठलं-भाकरी आणून देतात."

आमची एकता शाळेसाठी प्राचीन ग्रीकांवर प्रोजेक्ट करत होती. ती दबकत म्हणाली, "मम्मी, आर्गोस शहरात पण सेम होतं. कुणी मेलं की घरातली आग विझवायचे. मग नेबरकडून नवी आग आणायचे आणि त्यावर कुकिंग."

"त्यांना शेजारी होते," मी फटकारलं.

परदेशातल्या, बिशान भागातल्या या फ्लॅटमध्ये आम्ही कितीतरी वर्षं राहतोय. समोरच्या दाराआड कोण राहतं, त्यांचं नावसुद्धा मला माहीत नाही. तरीही मी त्या दाराकडे कान लावून बसले, आणि कुणी येत नाही म्हणून मनातल्या मनात चिडतही होते.

अंधार पडल्यावर बेल वाजली. आलं कुणीतरी! मी धावत जाऊन दार उघडलं. बाहेर कुणीच नव्हतं. फरशीवर जेवणाच्या डब्यांची पिशवी तेवढी होती.

"मीच मागवलं," मागून धम्मानंद हळूच म्हणाला. "एकताला भूक लागली होती."

जेवण पोचल्याचा पुरावा म्हणून त्याच्या फोनवर फोटो आला होता. त्यात ती पिशवी होती आणि मागे आमचं बंद दार.