ओट्सच्या खोक्याचा पुठ्ठा

सात आठवडे फोन करकरून मॅलकीच्या नाकी नऊ आले, तेव्हा कुठे गॉलवेहून कंपनीचा मेकॅनिक कोनल उगवला. छोटा ट्रॅक्टर अजून वॉरंटीत होता, पण ओझं उचलायचा पुढचा लोडर वर उठायलाच तयार नव्हता. कापलेलं गवत पावसात कुजत पडलं होतं.

कोनलने हायड्रॉलिक पंप खोलला आणि मान हलवली.

"काका, हा आधी कोणीतरी उघडलाय. वॉरंटी गेली."

"कोण उघडणार? लबाडी करता का रे माझ्याशी?" मॅलकी भडकला.

तेल गळू नये म्हणून झाकणाखाली बसवलेलं गास्केट काढून कोनलने त्याच्यापुढे धरलं. ओट्सच्या खोक्याचा पुठ्ठा होता तो, भोकंसुद्धा नेमकी पाडलेली.

मॅलकीने वाकून पुठ्ठा निरखला. घरात ओट्स खाणारा एकच होता, धाकटा भाऊ फर्गल. ट्रॅक्टर आला त्याच दिवशी मॅलकीने त्याला दम भरला होता, "याला हात लावलास तर तंगडं मोडीन." पुढे हिवाळ्यात मॅलकी महिनाभर इस्पितळात होता. परतला तेव्हा ट्रॅक्टर धुऊनपुसून दारात उभा होता. फर्गल चकार शब्द बोलला नाही. मार्चमध्ये तो वारला.

"गंमत बघा," कोनल म्हणाला, "गळतंय ते कंपनीचं सील. या पुठ्ठ्यातून थेंब गेला नाही. पंपाचं काय करू?"

"पंप घाल चुलीत," मॅलकी म्हणाला. "तो पुठ्ठा दे इकडे."