अर्थ कळणारं यंत्र

केक तसाच पडून होता आणि चाळीस माणसं पडद्याकडे तोंड करून बसली होती. गोथेनबर्गच्या आमच्या कंपनीत कॉफीच्या वेळी एवढी शांतता मी वीस वर्षांत पाहिली नव्हती. आमचं काम साधं. भर समुद्रात जहाजावर काही बिघडलं की तिथला इंजिनियर चार शब्द लिहून कळवतो, आणि आम्ही जुन्या नोंदींतून त्याला उपाय काढून देतो.

"हे यंत्र शब्द वाचत नाही, अर्थ ओळखतं," स्टॉकहोमचा यस्पर डोळे मिटून म्हणाला. त्याची कंपनी आमच्या साहेबाने, हेन्निंगने, नुकतीच विकत घेतली होती. "शब्द म्हणजे नुसतं शरीर. आम्ही आत्म्याला हात घालतो. विचारा काहीही."

कोणीतरी विचारलं, "इंजिन खोकतंय."

निळं वर्तुळ तीन सेकंद फिरलं. उत्तर आलं: डिझेलमध्ये पाणी शिरलंय. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, पण आत काहीच हललं नाही. हल्ली हलतच नाही.

"सगळं ठप्प झालंय," दुसऱ्याने विचारलं.

वर्तुळ फिरलं. उत्तर: कॉफीचं मशीन तपासा.

"बघा, विनोदबुद्धीसुद्धा आहे त्याला," हेन्निंग भारावून म्हणाला.

"विनोद कसला डोंबलाचा," मागून गुनवोर म्हणाली. एकतीस वर्षं ती खलाशांची बोली आणि तिचा खरा अर्थ यादीत उतरवत आली होती, आणि यंत्र आलं म्हणून तिचाच विभाग बंद व्हायचा होता. "एका जहाजावर कॉफीचं मशीन बिघडलं, तर त्या बाबाने 'सगळं ठप्प' असं कळवलं. मलाही ते पटलं, मी यादीत तसंच लिहून ठेवलं. चूक माझी. ती याला कुठून कळली?"

"यंत्र अनुभवातून शिकतं, गुनवोर," यस्पर म्हणाला.

"मग विचार त्याला, इंजिनाला ठसका लागलाय."

यस्परने टाइप केलं. वर्तुळ फिरलं. काहीही सापडलं नाही.

"खोकला कळतो आणि ठसका कळत नाही? कारण ठसका माझ्या यादीत नाही." ती माझ्याकडे वळली. "यादी तूच पाठवलीस ना यांना?"

"हो," मी म्हणालो. "चाचणीसाठी मागितली होती."

"आणि ते वर्तुळ तीन सेकंद काय करतं रे, यस्पर?"

तो बुटांकडे बघत होता. "काही नाही. उत्तर लगेच आलं तर लोकांना खरं वाटत नाही."

हेन्निंगने घसा साफ केला. कंपनी घेतल्याची बातमी सकाळीच वर्तमानपत्रांना गेली होती. "असो. विभाग बंद करायचा ठराव आहे. कोणाचा विरोध?" त्याने ठराव मंजूर करायची लाकडी हातोडी उचलली. आमच्याकडे गप्प बसणं म्हणजे होकार. कामगार संघटनेचा प्रतिनिधी मी, सगळे माझ्याकडेच बघत होते. मी केकवरच्या हिरव्या थराकडे बघत राहिलो.

ठक्.

गुनवोर आपला कप विसळून घेऊन गेली. मला लाज वाटली, तीही घरी पोचल्यावर.

म्हणून सांगतो. अर्थ कळणारं यंत्र कोणी समोर आणलं तर तीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत विचारा. त्याला शिकवलं कोणी, तेही विचारा. आमच्याकडे दोन्ही उत्तरं चाळीस जणांनी ऐकली होती, तरी एका बाईची नोकरी गेली, कारण विरोध आहे का विचारल्यावर मी तोंड उघडलं नाही. तुम्ही उघडा.