तरीचवाले

“गेल्या,” एवढंच डॉक्टर म्हणाले. वेल्डरने बायकोच्या पायांवरून सरकलेली चादर नीट केली. मागून मेहुण्याचा आवाज आला, “तरीच!”

वेल्डरने वळून पाहिलं.

“तरीच काल संध्याकाळी आभाळातून तो आगीचा गोळा गेला, दाजी. दिवस उजाडल्यासारखं झालं. एवढा उजेड उगाच पडतो का?”

सख्खी बहीण जाऊन घटका झाली नव्हती आणि या गृहस्थाला आभाळाचा अर्थ लागला होता. पहाटे तिच्या छातीत कळ आली, तेव्हा फोन लावून लावून बोटं दुखली तरी याने उचलला नव्हता. त्या वेळी कसलाच उजेड पडला नाही.

संध्याकाळी घर माणसांनी भरलं. सगळे तरीचवाले. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांना गोळा हिरवा दिसला होता, समोरच्या शिंपिणीला लाल. चपला काढता काढताच दोघांची जुंपली.

“अगदी माझ्या डोक्यावरून गेला हो,” शिंपीण म्हणाली. जसा काही तिच्या डोक्याचं माप घ्यायलाच आला होता. समोरून येणारी हातगाडी न दिसणाऱ्यांनाही काल आभाळातलं सगळं दिसलं होतं.

“पुण्यवान बाई,” मास्तर म्हणाले. “न्यायला उजेड आला.”

“दगड होता,” वेल्डर म्हणाला. “जळाला, विझला.”

“तुम्ही बघितलात?”

“नाही.”

“अरेरे! अहो, जन्मात पुन्हा दिसायचा नाही!”

वेल्डरची बायको गेल्याचं वाटलं नसेल एवढं वाईट मास्तरांना याचं वाटलं.

तो उठून स्वयंपाकघरात गेला. तिथे मेहुणी, बायकोची धाकटी बहीण, कप विसळत होती. आता हिचं ‘तरीच’ ऐकायचं, म्हणून त्याने आधीच कपाळाला आठ्या घातल्या.

“ताईचा काल फोन आला होता,” ती म्हणाली. “हसत होती नुसती. म्हणाली, आम्ही गच्चीत दोरीवरचे कपडे काढत होतो. लख्ख उजेड पडला तर हे ओरडले, बघू नकोस! आणि स्वतःही तोंड फिरवून उभे.”

झालं होतं खरं तसं. हाताला जशी खोड तशी जिभेलाही. ठिणगी उडाली की तोंडातून तेच निघायचं. ती डबा घेऊन वर्कशॉपच्या दारात यायची आणि तो आतून ओरडायचा, “बघू नकोस, डोळे जातील!” मग वेल्डिंग थांबेपर्यंत ती रस्त्याकडे तोंड करून उभी राहायची.

“मग?”

“मग काय! म्हणाली, या खेपेला नाही ऐकलं मी त्यांचं. टक लावून बघितलं.”

“रंग कोणता म्हणाली?”

त्याने हे विचारलं आणि त्यालाच लाज वाटली.

“रंगाचं नाही बोलली.” मेहुणीने कप पालथा घातला. “म्हणाली, ह्यांचं काम असंच दिसत असणार गं. चला, एकदाचं बघून झालं.”

बाहेर मास्तर आणि शिंपीण पुन्हा रंगावर आले होते. मेहुणीने पाण्याचा पेला पुढे केला. त्याने तो घेतला आणि नुसता धरून ठेवला.

वर्कशॉपात वेल्डिंग बघताना डोळ्यांपुढे धरायच्या काळ्या काचा एक सोडून दोन होत्या. त्यातली एक तिच्या हातात देऊन ‘आता बघ’ म्हणायचं राहिलं.