बाईंनी न वाजवलेली घंटी

मी टेबलावरची घंटी बोलतेय. पितळेची, वाटीएवढी. डोक्यावर टपली मारली की 'टिंग' करते. टपली खाऊन खूश होणारी माझ्यासारखी विरळाच.

उमेदीची वर्षं एका लॉजच्या काउंटरवर गेली. तिथे माणसं मला रागाने बडवायची. लॉज बंद पडलं आणि मी लग्ननोंदणीच्या कचेरीत आले. इथल्या एका जुन्या साहेबांनी छान रीत पाडली होती. सह्या झाल्या की अधिकाऱ्याने मला एकदा वाजवायचं, मग बाहेर बाकांवर बसलेले अनोळखी लोक उठून टाळ्या वाजवणार. जोडपी लाजून चूर व्हायची.

आताच्या अधिकारी बाई श्रद्धाळू आहेत. खुर्चीत बसल्या की आधी डोळे मिटून देवाचं नाव घेतात. गोरगरिबांना हेलपाटे घालायला लावत नाहीत. त्या मला आवडायच्या, म्हणून तर तो एक दिवस मनाला जास्त लागला.

कायदा नुकताच बदलला होता, आता दोन पुरुषांचं लग्नही नोंदवता येत होतं. एक टेलर आणि एक निवृत्त मास्तर, दोघेही पुरुष, लग्न नोंदवायला आले. उभं आयुष्य एका घरात काढलेलं. मास्तरांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं आणि दवाखान्यात टेलरना विचारत होते, "तुम्ही यांचे कोण?"

बाईंनी चष्मा काढला. "माझ्या धर्मात हे पाप आहे. मी सही करणार नाही. पुढच्या महिन्यात दुसरे साहेब येतील, तेव्हा या."

"ऑपरेशन तोवर थांबणार नाही, बाई," टेलर म्हणाले. "तुमच्या देवाशी माझं भांडण नाही. पण या खुर्चीत तुम्हाला लोकांनी बसवलंय आणि लोकांत आम्हीही येतो."

"जाऊ दे रे, घरी चल," मास्तर म्हणाले.

"तू बस. मी हलत नाही."

दोघे बाहेर बाकावर बसून राहिले. आत इतरांची लग्नं लागत होती, मी वाजत होते आणि दर वेळी ते दोघे उठून मनापासून टाळ्या वाजवत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाकांवरच्या कुणीतरी वर कळवलं असावं, दुपारी वरच्या साहेबांचा फोन आला. सही करा, नाहीतर खुर्ची सोडा. बाईंनी दोघांना आत बोलावलं आणि ओठ घट्ट मिटून सही केली. सवयीने हात माझ्याकडे आला आणि मधेच थांबला.

"सही कायद्याची होती, ती दिली," त्या म्हणाल्या. "ही घंटी नाही वाजवणार."

मी पितळेची, मला धर्म नाही. पण मला हातही नाहीत. असते तर तेव्हाच वाजले असते.

टेलरनी सुईने खरबरीत झालेलं बोट पुढे केलं. टिंग. बाहेर सगळा व्हरांडा उठून उभा राहिला आणि मास्तर लहान मुलासारखे रडले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी स्वतः मला उचलून खिडकीबाहेरच्या फळीवर ठेवलं. "ज्याचं लग्न त्याने वाजवावं," एवढंच शिपायाला म्हणाल्या.

ऑपरेशनच्या दिवशी टेलर मास्तरांच्या खाटेशी होते, असं शिपाई सांगत होता.

आता मी तिथेच असते. चकाकी गेली आहे, आवाज शाबूत आहे. तुमची वेळ आली की आत बघत ताटकळू नका. बोट पुढे करा आणि वाजवा.